चौथ्या मजल्यावरचा पत्ता

मंगळवार, ८ जुलै

माझा नवरा झुल म्हणतो, फोनवर काही लिहीत जाऊ नकोस, फोनवरचं कधी कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. म्हणून लेकीची, इन्सीची, ही कोरी राहिलेली गणिताची वही. कामावर, दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. डबा समोर उघडा आहे, पण घास उतरत नाही.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर क्लॅरिसचा मेसेज आला. पालक मंडळाची ती अध्यक्ष, त्यामुळे सगळं तिला आधी कळतं. "मैत्रिणींनो, आतल्या गोटातली बातमी. शाळेला निनावी पत्र आलंय. खोटा पत्ता देऊन कुणीतरी प्रवेश घेतलाय. आणि तो आपल्याच दुसरीच्या वर्गात! म्हणजे जवळ राहणाऱ्या एका लेकराची जागा या लोकांनी ढापली." खाली रागावलेल्या चेहऱ्यांची रांग लागली. मीही एक टाकला. मी एकटीच गप्प राहिले असते तर उठून दिसलं असतं.

तो खोटा पत्ता माझा आहे.

आम्ही राहतो सेंबावांगला, पार उत्तरेच्या टोकाला. शाळा तोआ पायोहला. एक किलोमीटरच्या आत घर असेल तर प्रवेशात आधी नंबर लागतो. माझी थोरली मावशी, माक लोंग, शाळेपासून दोन गल्ल्यांवर चौथ्या मजल्यावर एकटी राहते. झुलच्या आणि माझ्या ओळखपत्रावर आम्ही तिचा पत्ता चढवून घेतला, आणि राहिलो मात्र होतो तिथेच. अर्जावर सही माझी आहे. सहीच्या वरच छापलं होतं, खोटी माहिती दिल्यास पोलिसांत तक्रार होईल. मी ती ओळ वाचली होती.

आणि हे कशासाठी? झुलच्या वहिनीची मुलगी अशाच नावाजलेल्या शाळेत लागली, तर हरी रायाला, म्हणजे ईदला, सगळं घर तिच्याभोवती गोळा झालं, आणि माझी इन्सी कोपऱ्यात बसून एकटीच सणाची मिठाई, कुइह, खात होती. एवढंच. लिहिल्यावर किती किरकोळ दिसतंय.

रोज पावणेसहाची बस. आधी माक लोंगकडे वर जायचं, पाच मिनिटं बसायचं, मग घरातून निघाल्यासारखं खाली उतरायचं. इन्सीला सगळं पढवून ठेवलंय. आज लिफ्टमध्ये तिने विचारलं, "इबू, तुझे हात का थरथरतायत?"

म्हटलं, एसी जोरात आहे. लिफ्टमध्ये एसी नाहीये.

गुरुवार, १० जुलै

वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालायला आम्ही चार-पाच जणी गेलो होतो. क्लॅरिस माझ्या शेजारी येऊन बसली. कात्री चालवत, वर न बघता म्हणाली, "लैला, तू तर इथलीच ना गं? तुमच्या इमारतीखालचा तो प्राट्यावाला बंद झाला म्हणे. कधीपासून?"

मला त्या पराठेवाल्याचं कुठलं ठाऊक! मी त्या इमारतीत रोज पाच मिनिटं असते.

"हो... म्हणजे... बरेच दिवस झाले," मी म्हटलं.

"बरेच दिवस? मी काल तिथेच खाल्लं." आणि हसली. बाकीच्या बायकाही हसल्या. का हसतोय ते त्यांना कळलं होतं की नाही, अल्ला जाणे.

तेवढ्यात पेईवेनच्या हातून पुस्तकांची अख्खी चवड खाली पडली. सगळ्या उठल्या, गोळा करायला लागल्या, आणि विषय तिथेच राहिला.

पेईवेन नवी आहे. तिची शिन मार्चमध्ये, अर्ध्या सत्रात आली आणि इन्सीशी तिची गट्टी जमली. बाई हळू बोलते, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. क्लॅरिसला मात्र ती डोळ्यांसमोर नको असते. गोष्ट सांगण्याच्या स्पर्धेसाठी वर्गाच्या बाईंनी क्लॅरिसच्या मुलीला, अमेलीला, वगळून शिनला निवडलं, तेव्हापासून.

बाहेर पडताना पेईवेन माझ्याबरोबर चालत होती. म्हणाली, "मुद्दाम पाडली मी."

"काय?"

"पुस्तकं. तू पांढरीफटक पडली होतीस." मग अगदी हळू, "सकाळी सव्वासहाला मी तुला बसमधून उतरताना बघते, लैला. रोज. घाबरू नकोस. प्रत्येक बाईला कुठलं ना कुठलं खोटं धरून जगावं लागतं."

ही रोज बघते. चार महिने बघतेय! आणि आजच का सांगितलं? पत्र आल्यावर दोन दिवसांत?

सोमवार, १४ जुलै

झुलला सांगितलं. तो म्हणाला, "आपलं गुपित दुसऱ्याच्या खिशात गेलं की ते आपलं राहत नाही. तिचंही काहीतरी शोधून ठेव."

मी म्हटलं, असं कसं बोलतोस. पण शोधलं. शोधावं लागलंच नाही. आजवर आपण बघितलं कसं नाही, याचंच नवल वाटतं. एवढ्या उकाड्यात ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. फोन दोन, त्यातला एक कायम बंद. इन्सीच्या वाढदिवसाला बोलावलं तर आली नाही. "तू कुठल्या इमारतीत राहतेस?" असं विचारलं तर, "इकडेच, मागे" म्हणते आणि दुसरंच काही बोलायला लागते. शिनला पुढच्या फाटकातून कधी नेत नाही, मागच्याच. फाटकाबाहेर पडण्याआधी डावी-उजवीकडे बघते, रस्ता ओलांडायचा नसला तरी. शिनच्या वहीवर नावाची चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि खाली दुसरंच आडनाव दिसतं.

तिचाही पत्ता खोटा आहे. खात्रीने. माझ्यापेक्षा खोटा.

आणि मग वाटतं, ते पत्र तिनेच लिहिलं असेल का? स्वतःवरचा डोळा दुसऱ्याकडे वळवायला?

बुधवार, १६ जुलै

क्लॅरिस ग्रुपवर म्हणते, शाळेची माणसं घरोघर जाऊन बघणार आहेत. न कळवता.

आज रजा टाकून माक लोंगकडे सामान नेलं. इन्सीचं अंथरूण, दोन गणवेश, झुलच्या चपला, न्हाणीघरात दात घासायचे तीन ब्रश. माक लोंग दारात उभी राहून सगळं बघत होती. सत्तरी उलटली तिची, पाच वेळची नमाज चुकत नाही.

"आणि माणसं आली तर मी काय सांगू?"

"सांग की आम्ही इथे राहतो."

"राहता का?"

"माक लोंग, प्लीज."

"ब्रश तरी ओले करून ठेव मग," ती म्हणाली. "कोरडा ब्रश शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. खोटं बोलायचंय ना, तर नीट बोल." आणि आत जाऊन तिने तिन्ही ब्रश नळाखाली धरले. तिची पाठ बघून मला रडू आलं. पण मी ब्रश उचलले नाहीत.

सोमवार, २१ जुलै

आज शाळेत सर्वधर्म सलोख्याचा दिवस. मुलं एकमेकांच्या पेहरावात. इन्सीने चेओंगसाम घातला होता, शिनने इन्सीचा मलाय झगा, बाजू कुरुंग. दोघी हातात हात घालून फिरत होत्या. फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं.

पेईवेन आली आणि माझं मनगट धरलं. "शिनचा फोटो कुठेही लावायचा नाही. ग्रुपवर नाही, कुठेच नाही. लैला, मला शब्द दे."

मी म्हटलं, "दिला." आणि मनात म्हटलं, एवढी घाबरते म्हणजे पाणी मुरतंय हे नक्की.

अकराच्या सुमारास क्लॅरिसने मला जिन्याखाली गाठलं. तिथे घडीच्या खुर्च्या ठेवतात. ती दाराकडे पाठ करून उभी राहिली, मला जायला जागाच नाही.

"ऑफिसला एक नाव कळलंय," ती म्हणाली. "मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तू स्वतः बोललीस तर मी तुझ्या बाजूने शब्द टाकीन."

"माझ्या?"

"मग कुणाच्या? प्राटा कुठे मिळतो ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्या."

डोळ्यांसमोर पोलीस, शाळेच्या पायरीवर दप्तर घेऊन उभी असलेली इन्सी, आणि झुलची वहिनी, तोंडावर हात ठेवून हसणारी. मी म्हटलं, "मी नाही. पेईवेन."

"काय?"

"ती कुठे राहते विचार तिला. सांगणार नाही. पोरीचं आडनावसुद्धा बदललंय. फोटो काढू देत नाही."

क्लॅरिसचा चेहरा हळूहळू खुलत गेला. भूक लागलेल्या माणसासमोर ताट आल्यावर खुलतो तसा. "फोटो आहे तुझ्याकडे?"

मी दिला. इन्सी आणि शिन, हातात हात. इन्सीला मी आधी कापून टाकलं.

दुपारी क्लॅरिसने तो पालक मंडळाच्या सगळ्यांना दिसणाऱ्या पानावर लावला, शाळेच्या नावासकट. खाली लिहिलं, "आमची गोष्टीवेल्हाळ शिन! कुठून आली, कुठे राहते, कुणाला ठाऊक आहे का? 😊"

पंधरा दिवसांत आज पहिल्यांदा मी पोटभर जेवले. हे लिहायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

बुधवार, २३ जुलै

दुपारचे पावणेएक. शाळेसमोरच्या बाकावर बसून लिहितेय. आज अर्धा दिवस सुट्टी घेतली, इन्सीला मीच नेणार.

पेईवेन काल आली नव्हती. आज शिनला सकाळी सोडून गेली म्हणे, बाईंनी बोलावलं म्हणून. स्पर्धेची तालीम आहे.

आत्ताच एक गंमत झाली. पुढच्या फाटकाशी एक गृहस्थ भेटले. चाळिशीचे, इस्त्रीचा फिकट निळा सदरा, हातात केकचं खोकं. किती अदबीने बोलले! म्हणाले, शिनचे वडील. कामासाठी परदेशी होते, आज अचानक येऊन लेकीला चकित करायचंय. "तिला पांदानचा केक फार आवडतो," असंही म्हणाले. मला एकदम उलगडा झाला. म्हणजे नवरा आहे, चांगला खातापिता आहे, आणि ही बाई 'आम्ही दोघीच' म्हणून सगळ्यांची कीव मिळवत फिरते! क्लॅरिसला सांगितलं त्याचं उरलंसुरलं ओझं उतरलं.

त्यांनी विचारलं, "राहतात कुठे हो हल्ली? नवीन घर मी पाहिलेलंच नाही."

म्हटलं, "तेवढं मला ठाऊक नाही. पण इथे उभे राहू नका, त्या दोघी मागच्या फाटकातून जातात. दीड वाजता."

त्यांनी माझे आभार मानले. वाकून.

बुधवार, २३ जुलै, पुन्हा

संध्याकाळचे पाच. माक लोंगच्या स्वयंपाकघरात. अक्षर वाकडं येतंय.

जसं घडलं तसं लिहिते, नाहीतर उद्या मी ते सोपं करून सांगेन.

दीड वाजता इन्सी बाहेर आली आणि म्हणाली, शिन मागे गेली, तिला टाटा करू या. आम्ही मागच्या गल्लीत वळलो. तो माणूस कचऱ्याच्या डब्यांच्या आड उभा होता. केकचं खोकं जमिनीवर होतं. पेईवेनने शिनचा हात धरून फाटक ओलांडलं, सवयीप्रमाणे डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि तिथेच थिजली. ओरडली नाही. पळाली नाही. मार चुकत नाही हे पक्कं ठाऊक असलेलं जनावर जसं मान खाली घालतं, तशी तिने मान खाली घातली.

तो हसत हसत गेला आणि शिनचं मनगट धरलं. वाकून पेईवेनच्या कानात काहीतरी बोलला. शिनही ओरडली नाही. तिच्या पांढऱ्या मोज्यांवरून पाणी ओघळलं. सात वर्षांची मुलगी, उभ्या जागी.

इन्सी म्हणाली, "इबू, ते काका वाईट आहेत." मला पंधरा दिवस कळलं नाही ते तिला पाच सेकंदांत कळलं.

मी काय ओरडले आठवत नाही. नुसतं ओरडले. फाटकावरचे वॉचमन अंकल आतून धावत आले आणि मध्ये घुसले. त्यांना त्याने ढकलून पाडलं, पण त्या झटापटीत शिनचा हात सुटला. मी एका हाताने शिनला, दुसऱ्या हाताने इन्सीला खेचलं. पेईवेनला ओरडून सांगितलं, "चल!" आणि आम्ही धावलो. दोन गल्ल्या. मागे त्याची पावलं ऐकू येत होती. तो ओरडत नव्हता, ते जास्त भयंकर होतं. नुसतं "वेन... वेन..." म्हणत होता, लाडाने हाक मारल्यासारखं.

लिफ्ट वर होती. आम्ही जिन्याने चढलो. माक लोंगने दार उघडलं, एक नजर शिनच्या मोज्यांकडे टाकली, काही न विचारता सगळ्यांना आत ओढलं आणि लोखंडी जाळीला कुलूप घातलं.

तो वर आला. जाळी हलवली. मग म्हणाला, "ताई, आमच्या घरातली भानगड आहे. तुम्ही मध्ये पडू नका. दार उघडा."

माक लोंग आतून म्हणाली, "हे घर माझं आहे. माझ्या घरातली भानगड मी ठरवते."

मी फोन काढला, तर पेईवेनने माझा हात पकडला. म्हणाली, "पोलिसांना नको. ते तुझा पत्ता विचारतील. लिहून घेतील. तू अडकशील."

दाराबाहेर तो उभा. आणि या बाईला माझी काळजी.

मी फोन लावला.

बारा मिनिटं लागली. बारा मिनिटं तो जाळीशी बसून हळू आवाजात बोलत होता. काय काय करीन ते. माक लोंगने रेडिओ मोठ्याने लावला आणि पोरींना आतल्या खोलीत नेऊन बिस्किटं दिली. पेईवेन न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली होती. बाह्या वर सरकल्या होत्या. हातांवर जे होतं ते मी बघितलं. नवं नव्हतं. जुनं होतं, नीट न जुळलेलं.

पोलीस त्याला घेऊन गेले. त्याने जवळ यायचं नाही असा कोर्टाचा हुकूम फेब्रुवारीपासून आहे. ती त्याच्यापासून लपून राहत होती, आणि शाळेला हे सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिचा पत्ता खोटा नव्हताच. तो फक्त कुणाला द्यायचा नव्हता.

एक तरुण पोलीस बाई माझा जबाब घ्यायला बसली. "तुम्ही इथेच राहता?"

ओळखपत्र तिच्या हातात होतं. त्यावर हाच पत्ता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. आतून इन्सी माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "नाही. सेंबावांगला." आणि पुढचंही सांगितलं.

शुक्रवार, २५ जुलै

उपमुख्याध्यापिका देवसहायम मॅडमकडे गेलो, झुल आणि मी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पोलिसांत प्रकरण जाईल, काय होईल ते त्या सांगू शकत नाहीत. इन्सीला या सत्रानंतर घराजवळच्या शाळेत जावं लागेल.

निघताना मी विचारलं, "पत्रात माझंच नाव होतं ना?"

"कुठल्या पत्रात?"

"निनावी. दुसरीच्या वर्गाबद्दल."

त्या गोंधळल्या. "ते पहिलीतल्या एका मुलाबद्दल होतं. त्याच आठवड्यात चौकशी झाली, काही निघालं नाही. तुमच्यावर कुणाचाच संशय नव्हता. घरोघर जायचंही काही ठरलं नव्हतं. हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

झुल बाहेर येऊन कट्ट्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

म्हणजे क्लॅरिसच्या हातात काहीच नव्हतं. तिने अंधारात दगड मारला आणि मी भुंकले. शिनचा फोटो आता पानावरून गेलाय. ग्रुपवर तिने लिहिलं, "आपल्या शाळेत असं घडावं, फार धक्का बसला," आणि त्यानंतर मला ग्रुपमधून काढलं. तिच्याबद्दल मी मॅडमना सगळं सांगितलं. माझ्याबद्दल सगळं सांगितलं का? फोटो मी दिला, हे सांगितलं. मागचं फाटक मी दाखवलं, हे नाही सांगितलं.

शनिवार, २ ऑगस्ट

पेईवेन आणि शिन दहा दिवस माक लोंगकडेच होत्या. आज त्यांना दुसरीकडे जागा मिळाली. कुठे, ते सांगायची परवानगी नाही.

सामान म्हणजे दोन बॅगा. माक लोंगने सांबलच्या तिखट चटणीची बरणी त्यात कोंबली. पोरी आत चित्रं काढत होत्या. पेईवेनने मला मिठी मारायला हात पुढे केले आणि मला ते सहन झालं नाही. मी मागे सरले.

"पेईवेन, फोटो मी दिला. तुझं नावही मीच घेतलं, स्वतःला वाचवायला. आणि त्या दिवशी मागचं फाटक... त्याला..."

"तू सांगितलंस," ती म्हणाली. "माहीत आहे."

"कसं?" मी विचारलं.

"त्यानेच सांगितलं, शिनचा हात धरला तेव्हा. कानात. 'डोक्याला हिरवा रुमाल बांधलेल्या तुझ्या मैत्रिणीने दाखवलं. बघ, तुझे लोकसुद्धा माझेच असतात.'"

"आणि तरी तू माझ्यामागे धावलीस?"

"दुसरं दार कुठे होतं?"

राग नव्हता तिच्या आवाजात. तो असता तर बरं झालं असतं. मी खाली बसले. माफी मागितली की नाही ते आठवत नाही, रडले तेवढं आठवतं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. पण उठूनही गेली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तू पोलिसांना खरं सांगितलंस, ते मी ऐकलं. तेही धरते. पण ते एका पारड्यात आणि हे दुसऱ्या पारड्यात, असं मला करता येत नाही, लैला. अजून नाही."

इन्सी कागद घेऊन बाहेर आली. "आंटी, शिनला पत्र पाठवायचं तर कुठे पाठवू?"

पेईवेन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "शिनच लिहील तुला. नक्की. पत्ता मात्र मी कुणालाच देणार नाही, बाळा." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "तुझ्या इबूला तर नाहीच."

आम्ही खाली गेलो. टॅक्सी आली. शिन खिडकीतून हात हलवत होती. चालकाने काच खाली करून विचारलं, "कुठे जायचं, मॅडम?" पेईवेन थांबली. माझ्यासमोर तिला बोलता येईना.

मी इन्सीचे खांदे धरले, तिला वळवलं, आणि स्वतःही गाडीकडे पाठ केली. दोन्ही हात कानांवर ठेवले. दार लागलेलं ऐकू आलं नाही, गाडी निघालेली ऐकू आली नाही. इन्सीने माझी बाही ओढून "इबू, गेल्या त्या" म्हणेपर्यंत मी तशीच उभी होते.